कामी आलेल्या शिपायाचा वारस कोण?

शंकेखोर : मुळशी तालुक्यात आज एखादा परका माणूस येऊन 'अमक्याचे वारस कोण, कुठे राहतात' असं विचारू लागला, तर ऐकणाऱ्याच्या मनात महायुद्ध येणार नाही, सातबारा येईल. हिंजवडी आणि बावधन या एकेकाळच्या खेड्यांचं काय झालं ते आपण पाहतोच. पिरंगुट, पौड आणि पार मुळशी धरणाच्या काठापर्यंत जमिनीला जो भाव आला, त्याने वारसनोंद, फेरफार, हक्कसोडपत्र हे शब्द घराघरांत रोजचे करून टाकले. अशा ठिकाणी तुम्ही पणजोबांच्या एका विसरलेल्या भावाचं नाव घेऊन दारात उभे राहणार. तो १९१५ साली मेसोपोटेमियात पडला असेल, तुमच्यासाठी तो इतिहास असेल. घरच्यांना मात्र पहिली धास्ती ही की, या भावाची एखादी शाखा कुठून तरी उगवते आहे आणि आता वाटा मागणार. त्यांची धास्ती चूक आहे असं मला म्हणवत नाही. युद्धात मेलेल्या शिपायाचे वंशज शोधणं हा अलीकडे जगभर फोफावलेला नाद आहे. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात तो खुशाल चालू दे. तिथे पणजोबांचं नाव सापडलं की लोक हरखतात. इथे सापडलं की वकील गाठतात. म्हणून सरळ विचारतो, हा शोध नक्की कुणाला हवा आहे?

शोधवेडा : कुणाला हवा आहे ते नंतर पाहू, आधी नाव कुठे आणि कसं हरवलं ते पाहू, कारण ते आपोआप हरवलेलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने आपल्याकडे अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या युद्धाला गेले, पैकी इतके कामी आले, एवढाच त्यांचा मजकूर. नाव एकाचंही नाही. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव त्यासाठी नामांकित आहे. तिथले ४६ जण त्या युद्धात गेले. आता दुसरं टोक पाहा. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये सलमान पाकची लढाई झाली, मग कुतचा वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून अनातोलियाकडे चालवत नेलं, आणि कितीतरी जण वाटेतच मेले. या मोहिमेतल्या ज्यांना थडगं मिळालं नाही त्यांचं स्मारक बसऱ्याला १९२९ साली उभं राहिलं. चाळीस हजारांहून अधिक मृतांची दखल त्यात आहे. ब्रिटिश शिपायाचं नाव तिथे दगडात कोरलेलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलेलं. हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचं नाव आणि खाली आकडा. म्हणजे माणूस ज्या गावातून निघाला तिथे आकडा आणि ज्या देशात मेला तिथेही आकडा. हे अशक्य होतं म्हणून झालं असंही नाही. फ्रान्समध्ये नव शापेलला १९२७ साली जे स्मारक झालं, त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी शिपायांची आणि मजुरांची नावं कोरलेली आहेत. युरोपात नाव परवडलं, इराकमध्ये परवडलं नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीने २०२१ साली हे कबूल केलं : ४५ ते ५४ हजार मृतांना, त्यांत बहुतेक हिंदी आणि आफ्रिकी, असमान वागणूक मिळाली, आणि किमान १ लाख १६ हजार जणांचं नाव कुठेच आलं नाही किंवा त्यांची दखलच घेतली गेली नाही. बसऱ्याच्या शिपायांची नावं उरली ती छापील नोंदवह्यांत. शिपाई, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, आणि अनेकदा अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, जिल्हा पुणे. दोन टोकांच्या दोन आकड्यांना जोडणारी ही एक ओळ आहे. ती गावापर्यंत पोचवायची म्हटली, तर ती कुणाच्या तरी हातात द्यावी लागणार. त्या 'कुणाला तरी' मी वंशज म्हणतो.

शंकेखोर : तिथेच तुमची गाडी रुळावरून घसरते. ओळ गावापर्यंत पोचवा, माझी हरकत नाही. पण वंशज कुठून आणणार? हे शिपाई वीस-बावीसचे. पुष्कळांचं लग्न नुकतं झालेलं, मूल नाही; काहींचं लग्नच नाही. मेलेल्या तरुण शिपायाला बहुतेकदा वंशज नसतात, हे या शोधातलं पहिलं सत्य आहे आणि शोधणारे तेच सांगायचं टाळतात. मूल असलंच आणि ती मुलगी असली, तर ती लग्न होऊन दुसऱ्या आडनावात गेली. बायको मागे राहिली तर मावळातल्या अनेक जातींत विधवेचा पाट लावायची रीत होती. तिने दुसरं घर केलं, तिची पुढची मुलं दुसऱ्याच्या नावाची. त्या घरात पहिल्या नवऱ्याचा उच्चार होत नसेल, तर त्यामागे तिचा शहाणपणा आहे. तुम्ही शंभर वर्षांनी जाऊन तिच्या पणतवंडांना सांगणार की, तुमच्या पणजीचा आधी एक नवरा होता आणि तो बसऱ्याला मेला. बरं, नोंदीतली अक्षरं तरी कुठे भरवशाची? लष्करी कारकुनाने ऐकीव मराठी इंग्रजीत उतरवलेली. मुठे खोऱ्यातलं मारणे हे आडनाव त्या लिपीत फ्रान्समधल्या एका नदीसारखं दिसतं. आणि नीट वाचता आलं तरी उपयोग काय? मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर, पौड खोऱ्यात ढमाले. एकेका आडनावाची गावंच्या गावं. त्यात गणपत, बाबाजी, रामा, धोंडू हीच चार नावं फिरून फिरून. अशा नोंदीवरून एका घराचा उंबरा गाठता येतो असं जो म्हणेल, तो स्वतःची समजूत घालतो आहे. शिवाय मुळशीत तर तो उंबराच पाण्याखाली आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधलं, त्यात पन्नासच्या आसपास गावं गेली. १६ एप्रिल १९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, डिसेंबर १९२४ मध्ये तो संपला आणि धरण झालंच. लोक कुठे डोंगराच्या उतारावर सरकले, कुठे तालुकाच सोडून गेले. महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षं होतात तोच गाव उठलं. नोंदीत लिहिलेलं गाव नकाशावरच नसेल तर पत्र कुठे टाकणार?

शोधवेडा : बुडालेल्या गावाचा मुद्दा तुम्ही काढलात हे बरं झालं, कारण कागदाच्या दृष्टीने तो तुमच्या विरुद्ध जातो. जमीन १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली. त्या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार जिल्हाधिकाऱ्याला निवाड्यात तीन गोष्टी लिहाव्याच लागत : जमीन किती, भरपाई किती, आणि ती कुणाकुणात वाटायची. हितसंबंध असलेल्या प्रत्येक ज्ञात माणसाची नोंद घेणं त्याला भाग होतं. म्हणजे ज्या सरकारने १९१४ ते १८ मध्ये या खोऱ्यांतून शिपाई नेला आणि दगडावर त्याचा आकडा टाकला, त्याच सरकारला दोन-चार वर्षांनी जमीन घेताना त्याच्या भावाचं, बापाचं, विधवेचं नाव लिहावं लागलं. मरणाने जे लिहून घेतलं नाही ते जमिनीने लिहून घेतलं. न बुडालेल्या गावात १९२०च्या सुमाराला कोणत्या घरात कोण होतं हे ठरवायला फेरफार चाळत बसावं लागतं. बुडालेल्या गावाचं ते चित्र एका ठरावीक काळापुरतं गोळा होऊन पडलेलं असतं. त्याच्या जोडीला आणखी कागद आहेत. गावातल्या जन्ममृत्यूची कोतवाल बुकं आहेत. जुन्या शाळांचे दाखले आहेत. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. ज्याचा देह परत आला नाही त्याचा पुतळा करून दहन करायची आणि मग श्राद्ध घालायची रीत आपल्याकडे आहे. त्यासाठी कुटुंब गोदावरीवर गेलं असेल तर उपाध्यायाने गाव, कूळ आणि आलेल्यांची नावं टिपलेली असतात. यांतला एकेक कागद तुम्ही म्हणता तसा दुबळाच आहे. पण दोन वेगळ्या कामांसाठी, दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या कागदांत तोच बाप, तेच गाव आणि तोच काळ आला, तर योगायोग म्हणायला जागा कमी उरते. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या तीन लाखांहून अधिक शिपायांच्या गावनिहाय वह्या पडून होत्या. २०२१ मध्ये त्या संकेतस्थळावर खुल्या होऊ लागल्या आणि ब्रिटनमधल्या पंजाबी घरांना आपापले पणजोबा सापडू लागले. ज्या कागदाकडे शतकभर कुणी पाहिलं नाही, तो उघडल्यावर काय निघेल हे न उघडता ठरवता येत नाही. आणि वंशज नसतात हे तुमचं सत्य मला मान्य आहे. म्हणून मी भावाची शाखा धरतो, बहिणीची धरतो. शिपायाला मूल नसेल. त्याच्या जाण्याने ज्यांचं घर बदललं ती माणसं होतीच.

शंकेखोर : भूसंपादनाचा मुद्दा चलाख आहे, आणि त्यातच तुमच्या शोधाचं दुखणं उघडं पडतं. निवाड्यात नाव कुणाचं येतं? ज्याच्याकडे जमीन त्याचं. ज्याच्या नावावर गुंठाभर नाही त्या कातकऱ्याचं काय, नावावर न लागलेल्या कुळाचं काय? महार वतनदाराचा तुकडा कागदावर आलाही असेल, पण वतन सगळ्यांचं मिळून. त्यातून एका घराची माणसं सुटी कशी करणार? १९१७ साली महारांची १११वी पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच तीही मोडली. मजूर पलटणींत, खेचरांच्या तांड्यांत, भिस्ती आणि स्वयंपाकी म्हणून किती गेले. कुतच्या वेढ्यात शिपायांबरोबर तेही अडकले. तुमची पद्धत जमिनीच्या कागदावर उभी आहे, म्हणून ती जमीनवाल्या घरांचे शूर पूर्वज शोधून काढेल आणि बाकीच्यांना पुन्हा आकड्यात ढकलेल. दगडाने एकदा केलेला भेदभाव तुम्ही संशोधनाच्या नावाने दुसऱ्यांदा करणार. आणि सध्याचं वारंही ध्यानात घ्या. २०२३ पासून मराठवाड्यातून सुरू होऊन राज्यभर कुणबी नोंदींचा शोध लागला. तुम्ही आता ज्यांची नावं घेतलीत तीच कोतवाल बुकं, तेच शाळेचे दाखले, तोच मोडी लिपीतला कागद. त्या धांडोळ्यामागे लाखो माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे, मी त्याची थट्टा करत नाही. पण आज गावात कुणी 'तुमच्या खापरपणजोबांची नोंद दाखवा' म्हटलं, तर ते निरुपद्रवी राहत नाही. तुम्हाला शिपाई हवा असतो, समोरच्याला जातीचा रकाना दिसतो. आता याच पुणे जिल्ह्यातलं उलटं उदाहरण घ्या. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ साली पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत वीसहून अधिक नाक-प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर तिथे गेले, आणि आज दर वर्षी लाखो लोक जातात. त्यांतल्या कुणी वंशावळ दाखवली आहे? कुणी मागितली आहे? ती नावं आमची आहेत असं म्हणणाऱ्यांनी ती आपली केली. रक्ताचा पुरावा न देता वारसा मिळतो, आणि भक्कम मिळतो, हे जर डोळ्यांसमोर आहे, तर तुमचा दारोदार शोध कशासाठी?

शोधवेडा : कोरेगावचं उदाहरण मी तुमच्याकडून उसनं घेतो. तिथे लोक जाऊ शकले, कारण दगडावर नाव होतं. आकड्यापुढे कुणी नतमस्तक झालं असतं का, याची मला शंका आहे. कोरलेलं नाव वाचता येतं, 'पलटणीचे इतके' यात आपलं माणूस दिसत नाही. मी जो शोध म्हणतो तो आधी नावाचा आहे, हे तुम्ही मला कबूल करायला लावलंत तर लावा. पण नावाने सगळं भागत नाही. ताम्हिणी घाट उतरलात की माणगाव तालुका. तिथल्या पळसगाव आंबेवाडीचे नाईक यशवंत घाडगे, तिसऱ्या बटालियनचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले इतर सगळे मेले किंवा जखमी झाले. हा एकटा मशिनगनच्या मोर्चावर धावून गेला, तो घेतला आणि लपून बसलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी पडला. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. पदक पत्नीने स्वीकारलं. माणगावात तहसील कचेरीसमोर पुतळा आहे. इटलीतल्या मोंतोने गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. नाव आहे, पुतळा आहे, परदेशात कृतज्ञता आहे. तरी विचारा, ते पदक हातात घेतल्यानंतर त्या पत्नीचं आयुष्य कसं गेलं? हे कोणत्याच स्मारकावर नाही, सैन्याच्या कागदातही नाही. ते घरातच असतं. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या कुटुंबाला ब्राँझची तबकडी द्यायची रीत होती. साम्राज्यभर अशा तेरा लाखांहून अधिक वाटल्या. आमच्याकडे ती आली का, आली तर तिचं काय केलं, तांब्याच्या भावाने मोडीत घातली का, देव्हाऱ्यात ठेवली का, हे सांगणारं माणूस घरातलंच असणार. शिपायाचं मरण सरकारी नोंदीत एका तारखेला संपतं, घरात ते पुढे चालू राहतं. बैल विकला गेला असेल, धाकट्याला शाळा सोडावी लागली असेल, किंवा निवृत्तिवेतनामुळे ते घर इतरांपेक्षा बरं निघालं असेल. इतिहास म्हणून मला हेच हवं आहे. म्हणूनच जमिनीच्या कागदावर थांबून भागत नाही, वस्तीत जावं लागतं. जिथे कागद नाही तिथे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि कागद कुणाकडे नाही ते तुम्हीच आता मोजून दाखवलंत.

शंकेखोर : घाडग्यांचं नाव जगाला माहीत आहे ते व्हिक्टोरिया क्रॉसमुळे. त्यांच्या तुकडीत त्याच दिवशी पडलेल्यांसाठी कोणी सूर्यघड्याळ लावलं नाही, हा भाग तुम्ही घाईने ओलांडलात. एक आक्षेप मात्र मी मागे घेतो, जो लोक सगळ्यांत आधी काढतात : परक्याच्या साम्राज्यासाठी लढलेल्याचं स्मरण कशाला. मुळशीत तो टिकत नाही. साम्राज्याने ज्या घरातून मुलगा नेला त्याच घराची जमीन घेतली असेल, तर त्या घराला साम्राज्याचा भाट ठरवणं मूर्खपणाचं होईल. माझा उरलेला आक्षेप संमतीचा आहे. मेलेल्याला विचारता येत नाही आणि जिवंतांना आपण विचारतो ते त्यांच्या दारात उभे राहून, हातात कागद घेऊन. नकार देणं त्यांना किती सोपं राहतं? म्हणून मी क्रम उलटा सुचवतो. नोंदीतली नावं आधी ग्रामसभेत वाचा. गावाचं नाव लागलेले सगळे, आडनाव आणि जात न चाळता. बुडालेल्या गावाची नावं त्या गावचे लोक आज जिथे वसलेत तिथे वाचा. पाटीवर आकडा असेल तर त्याखाली नावं लावा. आणि थांबा. ज्याला तो आपला वाटेल तो येईल, न आला तर तो त्याचा हक्क. वारस कोण हे तुम्ही ठरवू नका. तुम्हाला तसा अधिकार कुणी दिलेला नाही.

शोधवेडा : नावं वाचायची, हे मान्य. थांबायचं, हे नाही. ग्रामसभेत कोण बसतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. नाव ऐकून पुढे येईल तो ज्याला बोलायची सवय आहे, ज्याच्या घरात कागद जपलेत, ज्याला पूर्वजाचा फोटो लावायला भिंत आहे. शिपायाची मुलगी ज्या घरात दिली तिथपर्यंत ते नाव ऐकू जाणार नाही. आपल्या बापाच्या आईकडचं माणूस होतं हे तिच्या नातवाला माहीतच नसेल. खेचरवाल्याचा पणतू तर त्या सभेला येणारच नाही. नुसतं थांबलात तर मघाशी तुम्ही ज्याची भीती घातलीत तेच होईल, जमीनवाल्यांचे पूर्वज तेवढे वर येतील. दारात गेलं तर संमतीचा प्रश्न, न गेलं तर न्यायाचा. दोन्हींपैकी कोणता गुन्हा लहान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि तुम्ही ठरवून टाकलंत याचंच मला आश्चर्य वाटतं.

शंकेखोर : ठरवून टाकलेलं नाही; एक अट सोडत नाही एवढंच. जाल तिथे सातबारा मागू नका, जात विचारू नका, आणि 'आम्हाला त्यात पडायचं नाही' असं उत्तर आलं तर तेही नोंदीइतकंच खरं उत्तर समजून लिहून ठेवा. एवढं सांभाळणारा शोधणारा मला अजून भेटायचा आहे.

शोधवेडा : अट कडक आहे, पण पाळण्यासारखी आहे. तोवर एक काम कुणाच्याही दारात न जाता होतं. युद्धसमाधी आयोगाची मृतांची यादी कुणालाही फुकट पाहता येते, गावाच्या आणि जिल्ह्याच्या नावाने चाळता येते, आणि चूक आढळली तर पुराव्यानिशी दुरुस्ती कळवता येते. मुळशीतल्या ज्या घरात 'आमचा एक जण लढाईवर गेला तो आला नाही' एवढं तरी ऐकीव असेल, त्यांनी ती स्वतः उघडून पाहावी. आम्हा दोघांचं भांडण त्यानंतर.